शंभरावरून पाचशेवर

पारस,

तुझ्यावर पत्रक लिहायचं काम माझ्याकडं आलंय. शोकसभा रविवारी, डिंभ्याला, शाळेच्या पटांगणात. फ्लेक्स कालच छापून आला. कॉलेजच्या ओळखपत्रावरचा फोटो ताणून मोठा केलाय, त्यामुळं तुझं नाक गालभर पसरलंय, आणि वर लिहिलंय, ‘डोंगराचा सखा पारस अमर रहे’. सखा! तू चालता-बोलता होतास तेव्हा संघटनेच्या याच मंडळींनी तुला ‘शेवटी शेठच’ म्हणून हिणवलं. त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा होता.

तेव्हा जन्म कुठं, शिक्षण किती, मागं कोण कोण, असलं मी काही लिहिणार नाही. मी भांडायला बसलेय. आपलं भांडण अर्धं राहिलंय आणि आळेफाट्याच्या त्या टेम्पोनं माझी पाळी यायच्या आत तुला उचललं. बारा दिवस झाले. या बारा दिवसांत मी तीन पत्रकं लिहून फाडली. प्रत्येकात ‘निषेध’ आला होता आणि कुणाचा ते कळत नव्हतं.

‘निषेध’ म्हटलं की जुन्नरच्या पेठेतलं तुमचं दुकान आठवतं. पुढं मोबाईलचं रिचार्ज, बाजूला झेरॉक्स, आणि मागं पडद्याआड तू आणि तुझं डीटीपीचं मशीन. मी पहिल्यांदा पत्रक घेऊन आले तेव्हा तू ते पूर्ण वाचलंस. टाइप करणारा माणूस मजकूर वाचतो, हे मी पहिल्यांदा बघितलं.

“यात निषेध सात वेळा आलाय. दोन काढू?”

“एकही काढायचा नाही.”

“बरं. आणि हे चौथ्या ओळीत, तहसीलदार तीन वर्षांत गावात फिरकले नाहीत. हे तू बघितलंस?”

“लोक सांगतात.”

“मग ‘लोक सांगतात’ असं टाकू?”

“त्यानं जोर जातो.”

“बरं, पत्रकबाई,” म्हणालास आणि जोर ठेवून टाइप केलंस. तहसीलदार आदल्याच वर्षी गावात लग्नाला येऊन जेवून गेले होते, हे नंतर कळलं. तू कधी ते काढून दाखवलं नाहीस. मी मात्र तुला तेव्हापासून ‘शेठ’ म्हणायला लागले, आणि पेठेत लोक आपल्याबद्दल काय बोलायचे त्यावर आपण दोघं पोट धरून हसायचो. आपल्यात तसलं काही नव्हतं. भांडायला मात्र रोज काहीतरी होतं.

मग ते खोकं आलं. पुण्यातल्या कुठल्याशा मोठ्या ऑफिसातल्या एका भल्या माणसानं संघटनेला वापरलेले मोबाईल संच दिले. पुढ्यात बटणांची अख्खी पाटी असलेले, साहेब लोक इमेल बघायला वापरायचे तसले. चौदा संच, चौदा वायरी, आणि भिंतीला लावायचा चार्जर एकही नाही. ते म्हणे ऑफिसातच राहिले. दान असंच असतं. गाय देतात, दावं ठेवून घेतात.

पण आम्हाला ते संच सोन्यासारखे होते. वनजमिनीचे दावे भरायचे होते. कायदा नवा होता. कोण किती वर्षं कुठला माळ कसतंय, हे म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून टिपून घोडेगावच्या ऑफिसात द्यायचं होतं, मुदतीत. कागदावर टिपलेलं आम्ही एकदा ओढ्यात भिजवून बसलो होतो. आता टिपायचं संचावर, आणि छापायचं तुझ्या दुकानात.

अडचण विजेची. धरण आमच्या उशाशी. भिंतीपाशी वीज तयार होते, ती खाली जाते, आणि पाण्याच्या वरच्या अंगाला आम्ही रॉकेल जाळतो. हे वाक्य मी एकवीस पत्रकांत वापरलंय असं मी म्हणायची, तर तू म्हणायचास, “अठरा. माझ्याकडं फायली आहेत.” वाडीवर एकच सोय होती, शाळेला देणगीत मिळालेली सोलरची पाटी. तिच्यावर संघटनेचा म्हातारा लॅपटॉप चालायचा. त्यावर कॉम्प्युटर चालवणारं लिनक्स तूच टाकलेलं, कारण ते फुकट होतं आणि कुणाच्या बापाचं नव्हतं. हे दुसरं कारण माझं, पहिलं तुझं.

संच लॅपटॉपला जोडायचा, बॅटरीचं चित्र यायचं, आणि चार्जिंग काही व्हायचं नाही. तासभर जोडून ठेवला तर पाच मिनिटं चालायचा. आमच्यातल्या एकानं सोलरच्या बॅटरीला थेट वायर लावून बघितली. तो संच असा भाजला की शाळेत आठ दिवस वास होता. मग राहिले तेरा.

काशाबाईचा दिवस तुला मी किती वेळा सांगितला असेल. वाडीतली सगळ्यात वयस्क बाई. तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. ती तासभर सांगत होती, कुठल्या दुष्काळात कुठला माळ फोडला, नाचणी कुठं, वरई कुठं, गार्डानं किती वेळा बैल सोडून हाकलले. मी टाइप करत होते. आणि पडदा काळा.

“मशीन मेलं व्हय?” काशाबाईनं विचारलं.

“हो आजी.”

“आन् माजं म्हननं? त्ये बी मेलं?”

दुसऱ्या दिवशी मी तुझ्या काउंटरवर संच आपटला. तू म्हणालास, “आधी पाणी पी.” मी म्हटलं, “पाणी तुमच्याकडंच आलंय सगळं, धरणाचं.” तू हसलास. मग तू मला समजावलंस. तेव्हापासून मला दुसऱ्या कुणाचं समजावणं पटलेलं नाही.

“जावई पहिल्यांदा सासुरवाडीला जेवायला बसलाय असं समज. पानात एक पुरी वाढलीय. तो दुसरी मागणार नाही. पोट खपाटीला गेलं तरी नाही. कुणीतरी म्हणायला पाहिजे, घ्या हो, संकोच करू नका. मग तो पाच खातो. यूएसबीचं तसंच आहे. जोडलेल्या वस्तूनं आधी शंभर मिलिअँपिअरच घ्यायचे. यजमानानं आग्रह केला तर पाचशे.”

“मग करा की आग्रह.”

“तीच तर गोम आहे. हा जावई एकाच शब्दाला ओळखतो. तो शब्द कंपनीच्या प्रोग्रॅमला ठाऊक, आणि तो प्रोग्रॅम लिनक्सवर चालत नाही. आपला लॅपटॉप नुसताच ‘जेवा जेवा’ म्हणतोय.”

म्हणजे लॅपटॉपमध्ये वीज होती. वायर होती. संचाला भूक होती. आणि मधे कंपनीनं एक परवलीचा शब्द घालून ठेवला होता! मला तिथंच मथळा दिसायला लागला. तुला काम दिसायला लागलं. आपल्यातला फरक एवढाच होता, आणि तो पुढं महागात पडला.

तू दुकानातल्या कॉम्प्युटरवर कंपनीचा प्रोग्रॅम टाकलास, संच जोडलास आणि वायरीतून दोघं काय बोलतात त्याची नोंद घेत बसलास. गिऱ्हाईक आलं की रिचार्ज, गेलं की परत पडद्याआड. शेदीडशे पानं आकड्यांची. दर खेपेला संच शंभरावरून पाचशेवर जायच्या जरा आधी काय बोललं गेलं, ते लाल पेनानं खुणा करून शोधलंस. कंपनीचं गुपित दीड ओळीचं निघालं. दीड ओळ! तेवढ्यासाठी काशाबाईचं आयुष्य पडद्यावरून पुसलं गेलं होतं.

मग तू ड्रायव्हर लिहिलास, म्हणजे लॅपटॉपकडून संचाला तो शब्द सांगणारा प्रोग्रॅम. मला वाटायचं असले प्रोग्रॅम वरवर कुठंतरी टाकायचे असतात. तू म्हणालास, हा कर्नलमध्ये जातो, म्हणजे सगळ्या यंत्रणेच्या गाभ्यात. तिथं चुकलं तर एक खिडकी बंद पडत नाही, अख्खं मशीन बसतं. आणि बसलंच. तू दिलेली सीडी घेऊन मी वाडीवर गेले, तू लिहून दिलेल्या आज्ञा एकेक करून टाइप केल्या, संच जोडला. लॅपटॉप दगड झाला.

तू स्वतः आलास. डिंभ्यापर्यंत एसटीनं, तीही आली म्हणून, आणि पुढं काठाकाठानं पायी, पांढरे बूट घालून. पोरं तुझ्या बुटांकडं बघत होती. काशाबाई म्हणाली, “पावणं, हितं शेणात कशाला आलासा?” तू शाळेच्या ओसरीवर मांडी घातलीस आणि दुपारपर्यंत मान वर केली नाहीस. मग कपाळावर हात मारलास.

“आग्रह केला की हा जावई पानावरून उठतो. हात धुऊन येतो आणि नव्यानं बसतो. माझ्या बावळट ड्रायव्हरला वाटतं, हा दुसराच जावई. तो परत आग्रह करतो. हा परत उठतो. दोघांचं दिवसभर तेच चाललंय.”

सगळी हसली. काशाबाई हसली नाही. तिला ते खरंच पटलं होतं. “आरं मंग त्याला आधी पानात बघाया सांग की! पाच पुऱ्या हायेत का? आसल्या तर गप ऱ्हा म्हनावं. नसल्या तर बोल.”

तू लॅपटॉप पुढ्यात ओढलास. मग एक ‘इफ’ टाकलास. संच आधीच पाचशे घेतोय का ते बघायचं; घेत असेल तर मुकाट्यानं परत फिरायचं. संच जोडला. एकदा उठला, परत बसला, आणि बसून राहिला. बॅटरीच्या चित्रावर विजेची खूण आली. काशाबाईनं पहिल्यापासून सगळं परत सांगितलं आणि ते तूच टाइप केलंस. ‘वरई’चं स्पेलिंग काय करायचं यावर तू तिच्याशीच चर्चा केलीस.

उतरताना तू म्हणालास, “पत्रक काढायच्या आधी तेवढं एक ‘इफ’ टाकत जा गं. आधी पानात बघ, मग बोल.”

मी म्हणाले, “शेठ, तुम्हाला परवडतं बघत बसायला.”

आणि तिथंच आपलं ते मोठं भांडण सुरू झालं. तू सांगत होतास, की हा ड्रायव्हर नीट साफ करून तिकडं, लिनक्स लिहिणाऱ्या लोकांकडं पाठवायचा, म्हणजे जगात कुणाच्याही लिनक्समध्ये तो आपोआप असेल. तिथं एक रीत आहे. एक ओळ बदलली तरी खाली खरं नाव टाकून सही करावी लागते. ही मी केली, दोष निघाला तर मला विचारा, असा त्याचा अर्थ. आणि मग मला विचारलंस, “तुझ्या पत्रकाखाली नाव का नसतं?”

“संघटनेचं असतं.”

“संघटना म्हणजे कोण? लिहितेस तू.”

“चळवळीत व्यक्ती नसते.”

“चुकीत असते,” तू म्हणालास. एसटी आली म्हणून मी सुटले.  

आता जे लिहायचंय ते लिहिते.

तू मला सांगितलं होतंस, थांब. महिनाभर. तुमच्या दुकानाला त्याच संचांची एजन्सी मिळायची होती. पप्पांनी पुढं नव्या काचा बसवल्या होत्या, निळं फर्निचर केलं होतं. तू म्हणालास, एकदा ते मार्गी लागू दे, तोवर मीही कोड नीट करतो, मग माझ्या नावानं पाठवतो, कुणाच्या पोटात दुखायचं ते दुखू दे. मला हे सगळं ठाऊक होतं. तरी मी आठ दिवसांत पत्रक काढलं. ‘कंपनीचं कुलूप डोंगरानं फोडलं!’ त्यात तुझं नाव, आडनाव, दुकान, पेठ, सगळं टाकलं. माझं टाकलं नाही. चळवळीत व्यक्ती नसते ना! आणि ते पत्रक मी तुझ्याकडं टाइपला आणलं नाही. नारायणगावला जाऊन छापलं. म्हणजे मला माहीत होतं. ज्या माणसाकडं अठरा पत्रकं छापली त्याला टाळून एकोणिसावं दुसरीकडं नेताना माणसाला सगळं माहीत असतं.

त्यात मी असंही लिहिलं, की कंपनी आता घाबरलीय. कंपनीला आपण कोण हेही ठाऊक नव्हतं. पत्रकानंतर ठाऊक झालं. वर्तमानपत्राच्या जिल्ह्याच्या पानावर दोन कॉलम आले आणि चौथ्या दिवशी वितरकाचा माणूस तुमच्या निळ्या फर्निचरसमोर उभा राहिला. पत्रकाची घडी पप्पांच्या पुढ्यात ठेवली. मग वकिलाचा कागद. एजन्सी मंचरच्या कुणालातरी गेली. तू इंटरनेटवरच्या तुझ्या पानावर ठेवलेला ड्रायव्हर काढून टाकलास आणि तिथं एक ओळ ठेवलीस, की हे काम थांबवलं आहे.

मी दुकानात आले. चार गिऱ्हाइकं उभी होती. मी बघितली नाहीत, किंवा बघूनच बोलले.

“शेवटी शेठच निघालास. एक कागद आला आणि शेपूट घातलंस!”

तू रिचार्ज करत होतास. ते पूर्ण केलंस, त्या बाईला “आला का बघा मेसेज” म्हणालास, आणि मग मला म्हणालास, “माझं नाव होतं. मला विचारलं असतंस तर मी टाक म्हणालोही असतो.”

“चळवळ विचारून होत नसते.”

“नाही होत. दुसऱ्याचं नाव लावूनही होत नसते.”

पप्पा गल्ल्यावरून उठून आत गेले. माझ्यासमोर ते आत निघून गेले असं पहिल्यांदाच झालं. एरवी ते चहा मागवायचे.

भादव्यात तुमच्याकडं पर्युषण येतं. शेवटच्या दिवशी तुम्ही ओळखीच्या प्रत्येकाची क्षमा मागता. चूक असो नसो. घरच्यांची, गिऱ्हाइकांची, भांडण झालेल्यांची तर आधी. संघटनेच्या ऑफिसात तुझं कार्ड दरवर्षी यायचं. त्या वर्षीही आलं. ‘गेल्या वर्षात कळत-नकळत आमच्याकडून आपलं मन दुखावलं असेल तर हात जोडून क्षमा मागतो.’ हे छापील. खाली तुझं अक्षर, ‘काशाबाईंचं टिपण ऑफिसात पोचलं का? चार्जिंग चालू राहील, काळजी नको.’

मला ही रीत माहीत होती. सात वर्षं जुन्नरला काढलीत, पेठेतल्या सगळ्या दुकानांतून ती कार्डं बघितलीत. एका वर्षी तू मला विचारलंही होतंस, “तू उलट का नाही म्हणत कधी?” मी म्हणाले होते, “ज्यानं चूक केली त्यानं मागावी. अशी घाऊक क्षमा मला नको.” तू म्हणालास, “घाऊकच बरी. किरकोळीत माणूस मोजत बसतो.”

मग मी काय केलं? ते कार्ड सभेत वाचलं. खालच्या तुझ्या दोन ओळी सोडून वरचं छापील वाचलं. आणि पत्रकात घातलं, ‘दगा देणाऱ्या शेठची अखेर डोंगरापुढं जाहीर माफी.’ टाळ्या पडल्या, पारस. लई टाळ्या पडल्या. ज्यांना ती रीत ठाऊक नव्हती त्यांना मी फसवलं, आणि ज्यांना ठाऊक होती ते खाली बघत होते. ते पत्रक पेठेत पोचलं, तुझ्या आईच्या हातात पडलं. तिनं म्हणे चष्मा लावून दोनदा वाचलं आणि तुला विचारलं, “आपलं कार्ड त्यांना झोंबलं का रे?” हे मला आत्ता, तुझ्या उठावण्याच्या, म्हणजे तुमच्या घरच्या शोकबैठकीच्या दिवशी कळलं.

मी तुझी वाट बघत होते. तू येऊन भांडशील, ओरडशील. तू आला नाहीस. त्याचा मला राग आहे, अजून आहे. एवढं सगळं गिळून घ्यायचा हक्क तुला कुणी दिला? माझ्या तोंडावर सांगितलं असतंस, सुमन, हे खोटं आहे, तर मी दोन दिवस आकांडतांडव केलं असतं आणि तिसऱ्या दिवशी पाणी प्यायले असते. तू मला ती संधीच ठेवली नाहीस. चांगुलपणाचा हाही एक माज असतो.

यंदा उन्हाळ्यात संघटनेला जरा बरा लॅपटॉप मिळाला. त्यावर नवं लिनक्स होतं. कुणीतरी सहज संच जोडला, आणि तो चार्ज व्हायला लागला. काही टाकलं नाही, काही लिहिलं नाही. एकदा उठला, परत बसला, आणि बसून राहिला. मी सभेत सांगितलं, “बघा, परदेशातल्या कुणीतरी हिंमत केली. आपल्या शेठला नाही झाली.” कुणीतरी ते तुझ्या कानावर घातलं. तू एवढंच विचारलंस म्हणे, “चालतंय ना? मग झालं.”

उठावण्याला आम्ही जीपभर माणसं आलो. काशाबाई हट्टानं आली. पांढऱ्या चादरीवर कुठं बसायचं ते कळेना म्हणून ती दारातच चपलांपाशी बसली, तर तुझ्या आईनं उठून तिला शेजारी नेलं. पप्पा मला म्हणाले, “ताई, तो तुमच्यावर कधी रागावला नाही. मी रागावलोय.” मी म्हणाले, “रागावा.” 

जाताना तुझ्या बहिणीनं, रूपलनं मला पडद्याआड बोलावलं. तुझं मशीन चालू होतं. तिनं तुझी इमेल उघडून दिली आणि उभी राहिली. ड्रायव्हर पानावरून काढलास त्यानंतर तू तिकडच्या कुण्या अनोळखी माणसाला लिहिलं होतंस. त्याच्याकडंही तसाच संच होता, तोही अडला होता. तू त्याला तुझी सगळी नोंद पाठवलीस, लाल खुणांसकट. ती दीड ओळ पाठवलीस. जावई उठून परत बसतो, तेव्हा आधी पानात बघा, हेही सांगितलंस. त्यानं लिहिलं, तुझं नाव टाकतो. तू लिहिलंस, नको, घरच्या धंद्याला त्रास होईल. तुम्ही लिहा, तुम्ही सही करा. तो दोनदा म्हणाला, तू दोनदा नाही म्हणालास. शेवटी त्यानं आपल्या नावाखाली एक ओळ घातली, ‘ज्याला नाव नको आहे त्याचे आभार.’

शेवटचं इमेल कधीचं ते मी बघितलं. तुझं ते कार्ड आम्हाला मिळालं त्याच्या तीन दिवस आधीचं. ‘चार्जिंग चालू राहील, काळजी नको.’ तू मला सांगितलं होतंस, पारस. कार्डावर, शाईनं. मी तेवढंच सोडून वाचलं.

म्हणजे हिशेब असा, की जिथं एका ओळीलाही खरं नाव लागतं, तिथं तुझं नाव नाही. जिथं नाव टाकायची रीतच नाही, तिथं मी ते दोनदा टाकलं, आणि दोन्ही वेळा तुला विकलं. आणि काशाबाईचा दावा? घोडेगावला फायलीत आहे. विचारलं की म्हणतात, वर पाठवलाय. संच अजून चालतात, चौदातले नऊ.

परवा तुमचं पर्युषण संपेल. ओझरला गणपतीची गर्दी असेल आणि पेठेत कार्डं फिरत असतील. यंदा तुझं येणार नाही. मी उलट कार्ड लिहायला बसले होते, पण ‘कळत-नकळत’ हा शब्द मला लिहिता येईना. नकळत मी काही केलं नव्हतं.

म्हणून हे पत्रकच. रविवारी फ्लेक्सखाली हेच वाटणार आहे. मंडळींनी काल मसुदा मागितला, तर म्हटलं, छापून आल्यावर वाचा. हे मी नारायणगावला नेणार नाही. तुमच्या दुकानात आणणार आहे, पडद्याआड. रूपल टाइप करील. पूर्ण वाचून मगच करील, तुझीच बहीण आहे.

त्यात हे ठळक अक्षरात असेल: गेल्या भादव्यातल्या पत्रकात ‘शेठची जाहीर माफी’ म्हणून जे छापलं ते खोटं होतं. ती माफी नव्हती, ती त्यांची दर वर्षाची रीत होती, आणि हे छापणाऱ्याला ठाऊक होतं. त्यानं दगा दिला नाही. तुमचे संच आज ज्याच्यामुळं भरतात तो पारस आहे. हे मी स्वतः बघून लिहिते आहे.

शेवटी रूपल विचारील, “ताई, खाली नेहमीचंच ना? संघटनेचं?”

नाही म्हणणार आहे. एक ओळ बदलली तरी करावी लागते ती सही:

हे मी लिहिलं. आधीचंही मीच लिहिलं होतं. दोष माझा.

सुमन
डिंभे धरणाच्या वरच्या अंगाची वाडी, तालुका आंबेगाव